घरात अंतर्गळ असेल तर पोटावरचा दाब कसा सांभाळायचा

आई-वडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाचं हर्नियाचं (पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतडं वगैरे बाहेर फुगण्याचं) ऑपरेशन झालंय का, हे आधी विचारून घ्या. जुनी माणसं हर्निया म्हणणार नाहीत, 'अंतर्गळ' किंवा 'जांघेत गाठ यायची' असं सांगतील. उत्तर हो आलं तर तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यासाठी जनुकांची महागडी तपासणी करायची गरज नाही. 2015 मध्ये जांघेतल्या हर्नियाशी जोडलेल्या चार जनुकीय जागा सापडल्या हे खरं, पण त्यावरून एकट्या माणसाचं भाकीत करता येत नाही.

वारशात येतो तो पोटाच्या भिंतीचा कच्चेपणा. भिंतीला बळकटी देणाऱ्या कोलॅजेनमध्ये जाड, चिवट धागे कमी आणि बारीक धागे जास्त असले की ती ताणली जाते. शिवाय जन्माआधी अंडग्रंथी ज्या वाटेनं खाली उतरतात, ती वाट काही मुलग्यांत पूर्ण मिटतच नाही. हे दोन्ही आपल्या हातात नाही. दाब मात्र आहे.

लोक सगळा दोष ओझ्याला देतात. जुनाट खोकला, रोजचं कुंथणं आणि प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला लावावा लागणारा जोर यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. विडी-सिगारेट बंद करा, कारण धुरानं खोकला वाढतोच, शिवाय कोलॅजेनही खराब होतं. लघवीची धार बारीक झाली असेल तर 'वयानं होतंय' म्हणत बसू नका.

पोट साफ राहण्यासाठी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतून साधारण 5 ग्रॅम मिळतो, म्हणजे दोन वेळच्या चार भाकरींतून 20. उरलेला पालेभाजी, उसळ आणि पेरूतून काढा. तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबर नुसता भात ओढला, तर दुसऱ्या दिवशी कुंथणं आलंच. चोथा वाढवाल तसं पाणीही वाढवा, नाहीतर मळ आणखी घट्ट होतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या.

गुऱ्हाळावर 30 किलोचा रवा (गुळाची ढेप) उचलायचा असेल तर पाय खांद्याइतके फाकवा, गुडघ्यात वाका आणि रवा पोटाला चिकटवून धरा. उठताना श्वास सोडा. दम कोंडून हिसका दिला की सगळा दाब जांघेवर येतो. वळायचं असेल तर पाय फिरवा, कंबर पिळू नका. तालमीतल्या बैठकांनाही हाच नियम. लंगोट कसून बांधला म्हणून हर्निया टळत नाही.

महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून जांघ, बेंबी आणि जुने टाके बघा. खोकल्यावर फुगवटा येतो आणि आडवं झाल्यावर जातो, तर सर्जनला दाखवा. बायकांनी जांघेतली गाठ अजिबात अंगावर काढू नये. मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया पुरुषांपेक्षा त्यांच्यात जास्त आढळतो आणि तो अडकण्याची भीती मोठी.

गाठ कडक झाली, दुखते, आत जात नाही, उलट्या होतात किंवा वारा सरत नाही, तर ती दाबून आत ढकलू नका, पट्टा बांधू नका आणि चहासुद्धा देऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. रात्र असली तरी सकाळची वाट न बघता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा जवळ सर्जन असेल तिथं न्या. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटू शकतो.