फिलिपाइन्समधल्या सेबू बेटावर जाऊन बोहो नदीची सफर कशी करायची (आणि चुकून बोहोलला कसं जायचं नाही)

सगळ्यात आधी उच्चार, कारण आमची अर्धी सकाळ त्यातच गेली. स्पेलिंगमध्ये J हे अक्षर आहे (Bojo) पण फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश वळणाने त्याचा ह होतो, म्हणजे नदीचं नाव बोहो. आणि सेबूच्या शेजारीच बोहोल नावाचं अख्खं वेगळं बेट आहे, तिथेही लोबोक नदीवर क्रूज आहे आणि टुरिस्ट लोक मुख्यतः तिकडेच जातात. आम्ही हॉटेलच्या रिसेप्शनवर बोहो रिव्हर क्रूज म्हटलं, त्याने ऐकलं बोहोल, टॅक्सी बोलावून दिली आणि आम्ही थेट फेरीच्या धक्क्यावर. आई म्हणे, अरे नदी बघायला जायचंय ना, मग हे जहाज कशाला? तर तुम्ही बोहो म्हणायच्या भानगडीत पडूच नका, सरळ आलोगिन्सान म्हणा, ते गावाचं नाव आहे, सेबूच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, आणि त्या नावाचं दुसरं बेट नाही.

आता क्रूज या शब्दावरही जाऊ नका. बुफे नाही, डीजे नाही, दोन मजली बोट नाही. छोट्या होड्या, गावातलाच माणूस वल्हं मारणार, इंजिन नाही. नदी जेमतेम १.४ किलोमीटर, आणि ती जाते टान्योनच्या सामुद्रधुनीत, म्हणजे सेबू आणि नेग्रोस या दोन बेटांमधलं पाणी, जे १९९८ पासून संरक्षित आहे. सगळा कारभार गावातल्या मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबांची संस्था बघते, कुणी वल्हवतं, कुणी गाइड, स्वयंपाक बायकांकडे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन फिरवून आणतात ना, ती सफर केली असेल तर लगेच लक्षात येईल कशी असते ही गोष्ट.

आणि म्हणूनच बुकिंग आधी करायचं, हे मी दोनदा सांगतो, आधी करायचं. ऐनवेळी जाऊन उभं राहिलात आणि कोणी हजर नसेल तर चिडून उपयोग नाही, त्यांना आपापली कामं असतात आणि जेवण माणसं मोजून करतात. संस्थेला किंवा गावाच्या टुरिझम ऑफिसला मेसेज टाकून ठेवा, किती जण, जेवण हवं का, आणि मुख्य म्हणजे भरती किती वाजता. वेळ त्यांनाच ठरवू द्या. आपण सकाळी दहाचा हट्ट धरायचा आणि नेमकी तेव्हा ओहोटी असायची, मग चिखल बघत बसा.

जायचं कसं, तर सेबू सिटीच्या साउथ बस टर्मिनलवरून आलोगिन्सानची किंवा पिनामुंगाहानकडे जाणारी बस. चढण्याआधी कंडक्टरला विचाराच की आलोगिन्सानला थांबते का, कारण सगळ्यांचा रस्ता एक नाही. शहराबाहेर पडेपर्यंत ट्रॅफिक आपल्या हडपसरसारखं, त्यामुळे दोन तास म्हणाले तर तीन धरा. बस कारकारवरून गेली तर तिथे विक्रेते चिचारोनच्या पिशव्या घेऊन येतात, कुरकुरीत असतं पण ते डुकराचं कातडं आहे हे खायच्या आधी माहीत असलेलं बरं. गावात उतरलं की हाबाल-हाबाल, म्हणजे बाइक टॅक्सी, नदीपर्यंत सोडते. भाडं बसायच्या आधी ठरवा. सुटे पेसो जवळ ठेवा, पुढे कार्डाच्या भरवशावर राहू नका.

होडीत लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. मग मधोमध बसायचं, शांत. पाणी हिरवं, दोन्ही बाजूंनी कांदळ आणि निपा नावाचं एक बुटकं पाम ज्याच्या झावळ्या थेट पाण्यातूनच वर आल्यासारख्या दिसतात, घरं शाकारायला वापरतात त्या. इंजिन नसल्यामुळे काय होतं की वल्ह्यावरून ठिबकणारं पाणीसुद्धा ऐकू येतं आणि खंड्या उडून जायच्या आत दिसतो. तेव्हा ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा प्लीज, आणि फांद्या ओढू नका. आमच्या गाइडने एक लांब हिरवी शेंग दाखवली, झाडावरच कोंब फुटलेली, ती खाली पडते तेव्हा भाल्यासारखी चिखलात रुतते आणि तिथेच झाड होतं, नाहीतर तरंगत दुसरीकडे जाते. आई रत्नागिरीची, ती म्हणाली ही आमच्या खाडीत पोत्याने मिळेल. मी इंग्रजीत सांगितलं तर गाइड हसला आणि म्हणाला बाखाव, म्हणजे त्यांच्या भाषेत कांदळ. मग पुढची दहा मिनिटं ती दोघं एकमेकांना झाडांची नावं सांगत होती, कोणाला काय कळलं देव जाणे.

नदीच्या तोंडाशी चुनखडीचे कडे आहेत आणि एकदम समुद्र उघडतो. पोहायचं असेल तर इथे, पण गाइड सांगेल तिथेच, ओढ असते. याच समुद्रात तेलासाठी विहीर खोदायला सुरुवात झाली होती, २००७ मध्ये, पिनामुंगाहानजवळ. आलोगिन्सान आणि पिनामुंगाहानच्या मच्छीमारांच्या बाजूने कोर्टात याचिका गेली, आणि दुसरी चक्क डॉल्फिन-व्हेल यांच्या नावाने, आणि २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो तेलाचा करारच घटनाबाह्य ठरवला. गाइडला यावर बोलतं करा, पक्ष्यांची यादी ऐकण्यापेक्षा भारी आहे.

जेवण बुकिंगमध्येच सांगा. मासे खाणाऱ्यांची चैन आहे, किनिलाव म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासा, आणि पुसो, नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, पुडी चिरून उघडायची. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, भाजीत सुकी कोळंबी नाहीतर गिनामोस, म्हणजे खारवून आंबवलेले मासे, पडलेलं असू शकतं, त्यामुळे वालाय कार्ने, वालाय इस्दा असं सांगा, मांस नाही मासा नाही, आणि तरी वर विचारा. सिक्वाते मिळालं तर सोडू नका, कोकोच्या वड्या गरम पाण्यात घुसळून करतात, दाट आणि थोडं कडवट.

सीझन साधारण जानेवारी ते मे. त्यानंतर पाऊस आणि वादळं, डिसेंबरपर्यंत भरवसा नाही, २०२१ चं ओडेट तर १६ डिसेंबरला आलं होतं. वादळाचा इशारा असेल तर होडी निघणार नाही, तेव्हा परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी हा प्लॅन ठेवू नका. जून २०२५ पासून भारतीयांना टुरिस्ट म्हणून १४ दिवस व्हिसा लागत नाही, पण नियम बदलतात, तिकिटाआधी एकदा बघा, आणि ईट्रॅव्हल नावाचा ऑनलाइन फॉर्म पोचायच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा असतो, तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

परतीच्या बसची वेळ होडीत बसायच्या आधी विचारून ठेवा. आम्ही जेवणानंतर विचारली, तोवर हाबाल-हाबालवाला झोपला होता.