डॅफ्नियाचा टब एका रात्रीत बसतो? या चुका टाळा

"काका, काल टब गच्च भरला होता, आज सगळं तळाला!" डॅफ्निया, म्हणजे माशांना खाऊ घालायचे पाण्यातले बारीक जीव, टबात वाढवणाऱ्यांचा दर पंधरवड्याला असा एक फोन ठरलेला. काल भरला होता म्हणजे काल सगळं ठीक होतं, असं या मंडळींना वाटतं. नव्हतं.

डॅफ्निया जादाचं खाणं तेल करून अंगात साठवते. भिंगाखाली आतड्याजवळ पिवळसर-नारिंगी थेंब दिसतात, ती ही शिल्लक. दर विणीला मादी त्यातलं बरंच अंड्यांत घालते. म्हणून पाण्यातलं खाणं संपलं तरी शिलकीवर आणखी एखादी वीण होते, आकडा चढतो आणि आपण खूश! पिल्लं आईच्या तेलावर थोडे दिवस काढतात, मग आधी तीच जातात.

मी हे एका गणपतीत शिकलो. पाच दिवस गावी जायचं होतं. टबात पाणी उकळतंय असं वाटावं इतकी गर्दी. फायटर माशाच्या पिल्लांसाठी राहू दे म्हणून एकही गाळून काढली नाही. परतलो तर तळाला पांढऱ्या सालांचा थर आणि कडेला मोहरीहून बारीक काळे दाणे, म्हणजे सुप्त अंड्यांच्या डब्या. निघण्याआधी भिंग लावलं असतं तर कळलं असतं: अंग काचेसारखं, थेंब नाही, पाठीकडच्या पिशवीत जेमतेम दोन अंडी.

आता गुरुवारी आणि रविवारी पाच माद्या बघतो. तेल दिसलं तर तिसरा हिस्सा गाळून काढतो, म्हणजे उरलेल्यांना खाणं पुरतं. नाही दिसलं तर निम्मा टब, जीव कितीही तुटो.

घाबरून चमचाभर यीस्ट ओतू नका. ते कुजून पाण्यातला ऑक्सिजन खातं, शिवाय शेवाळाच्या हिरव्या पाण्यातली मेदाम्लं त्यात नसतात. व्हिडिओत सात दिवसांत टब भरतो. भरतो हो, आठव्या दिवसाचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा. तांब्याचं भांडं आणि माशांच्या औषधाची बादली लांब. बारीक बुडबुड्यांचा एअर स्टोन नको, बुडबुडे कवचात अडकतात. डॅफ्निया लाल झाली तर नाचू नका, ऑक्सिजन कमी पडतोय.

काळे दाणे मात्र फेकू नका. माझे मी सावलीत वाळवून काडेपेटीत ठेवले. दिवाळीनंतर ताज्या पाण्यात घालून खिडकीशी ठेवले, तेव्हा त्यातले थोडे फुटले.