सोसायटीच्या गणपतीत क्विझ घ्यायचीय? मग प्रश्न असे काढा

गणपती जवळ आले की ग्रुपवर मेसेज पडतोच, यंदा क्विझ कोण घेणार, मग कोणीतरी नेटवरून पन्नास प्रश्न उचलून आणतं, अमक्या देशाची राजधानी कुठली, तमक्या देशाचं चलन कुठलं, आणि पंधराव्या मिनिटाला मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात. मी गेली नऊ वर्षं आमच्या सोसायटीत क्विझ घेतेय, साहित्य, गणित, विज्ञान, इतिहास, कला असे पाच राऊंड. यंदा तीन-चार जणांनी विचारलं की प्रश्न काढतेस कसे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी बाकीचं पटकन. टीम चार जणांची, एक शाळकरी मूल आणि एक साठीपुढचं माणूस प्रत्येक टीममध्ये हवंच, टीमा चिठ्ठ्या टाकून पाडायच्या. प्रत्येक राऊंडला सहा प्रश्न, एकूण तीस, सव्वा तासात संपतं. बझर अजिबात ठेवू नका, बझर ठेवला की एक चटपटीत मुलगा खेळतो आणि बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. उत्तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं, मी "वर" म्हटलं की सगळ्यांनी एकदम कागद वर धरायचा. त्या तीस सेकंदात टीममध्ये जी कुजबुज चालते ना, आजी नातवाच्या कानात काहीतरी सांगते, तो मान हलवतो, परत खोडतो, क्विझची खरी मजा तिथेच आहे.

आता प्रश्न. माझा नियम एकच, उत्तर पाठ नसलं तरी विचार करून तिथपर्यंत जायला वाट हवी. साहित्यात "गोविंदाग्रज कोणाचं टोपणनाव?" असं विचारलं तर येणाऱ्याला येतं, न येणारा गप्प बसतो. तेच असं विचारा, कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोदी लिहिताना बाळकराम, आणि नाटकावर मात्र स्वतःचं नाव लावणारा हा लेखक कोण? आता नाटकवाल्या काका लोकांना एक वाट मिळाली, कवितावाल्यांना दुसरी, आणि राम गणेश गडकरी हे उत्तर भलत्याच टीमकडून येतं. दुसरा माझा आवडता प्रश्न ज्ञानेश्वरीचा. "ज्ञानेश्वरी कधी लिहिली" असं सरळ विचारत नाही, ओवीच वाचून दाखवते, शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, आणि विचारते इसवी सन किती? बाराशे बारा सगळ्यांना ऐकूनच कळतं, पण शकात 78 मिळवायचे हे पंचांग बघणाऱ्यालाच माहीत असतं, 1290. दरवेळी कुठलीतरी आजी हे उत्तर देते आणि तिच्या टीममधल्या कॉलेजच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

गणिताला लोक घाबरतात म्हणून बरेच जण तो राऊंडच गाळतात, माझं म्हणणं गाळू नका, उलट सगळ्यात जास्त आवाज तिथेच होतो. फक्त आकडेमोड सगळ्यांनी मिळून करायची. देवळालीचे द. रा. कापरेकर, शाळेत मास्तर होते, त्यांनी शोधलेला 6174 हा आकडा क्विझसाठी सोन्यासारखा आहे. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात 6174 येतोच, आणि एकदा आला की तिथेच अडकतो कारण 7641 वजा 1467 परत 6174. मी प्रत्येक टीमला इतिहासातलं एक साल देते आणि विचारते किती पायऱ्या लागल्या. एका टीमला 1960, महाराष्ट्र राज्य झालं ते साल. 9610 वजा 0169, 9441. मग 7992, 7173, 6354, 3087, 8352, आणि शेवटी 6174, म्हणजे पूर्ण सात पायऱ्या, बिचारे घामाघूम. आणि दुसऱ्या टीमला 1674, शिवराज्याभिषेकाचं साल. त्यात अंक तेच आहेत, 1, 6, 7, 4, त्यामुळे पहिल्याच वजाबाकीत 6174! हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा स्वयंपाकघरात वहीवर करत होते, अंगावर काटा आला अक्षरशः. योगायोगच आहे, पण मंडपात हे फळ्यावर लिहिलं की टाळ्या पडतात. एक काळजी घ्या, उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं हे आधीच सांगा. समजा कोणी 2111 घेतला, 2111 वजा 1112, उत्तर 999, ते 0999 असं लिहिलं तरच पुढे 9990 वजा 0999 होतं आणि गाडी पुढे सरकते, नाहीतर 999 वजा 999 शून्य आणि टीम म्हणते तुमचा नियमच चुकीचा.

इतिहासात सगळी भांडणं एका शब्दावरून होतात, तो शब्द म्हणजे "पहिला". बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853, 34 किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे सगळं पक्कं. पण "भारतातली पहिली रेल्वे" असं विचारलंत तर कोणीतरी उठून सांगणार की त्याआधी मद्रासकडे आणि रुरकीला बांधकामाचं सामान नेणाऱ्या गाड्या धावल्या होत्या, आणि तो बरोबरच असतो. "पहिली प्रवासी रेल्वे" म्हणा, प्रश्न सुटला. पहिला, सर्वात मोठा, सर्वात जुना, एकमेव, यातला कुठलाही शब्द प्रश्नात आला की थांबा आणि परत तपासा.

तपासण्यावरून विज्ञानाच्या राऊंडची गोष्ट सांगते, कारण ती माझ्याच हातून झालेली चूक आहे आणि अजून मनाला लागून आहे. चार वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, 1868 च्या सूर्यग्रहणात महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लागला? उत्तर विजयदुर्ग, आणि शोध लावणारा इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर. दहा ठिकाणी वाचलं होतं, सगळीकडे तेच. दुसऱ्या दिवशी आरतीला एक निवृत्त काका भेटले आणि हळूच म्हणाले, बेटा, लॉकयर तेव्हा भारतात नव्हता. मग बसून वाचलं. 18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण खरं, पण ते गुंटूरहून बघणारा माणूस फ्रेंच होता, पिएर जान्सेन. लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला, आणि त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आलं. मग विजयदुर्गचं काय? तर लॉकयर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी, आणि तोपर्यंत रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधला होता. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि गोष्ट तयार झाली. त्या वर्षी ज्या टीमने "माहीत नाही" लिहिलं होतं तिचे मार्क मी कापले होते, ते जाऊन परत दिले. तेव्हापासून दहा पानांवर शब्दन् शब्द सारखं वाक्य दिसलं की मी त्याला एकच पान धरते. मराठी विश्वकोश बघते, जमलं तर इंग्रजीतही एखादं भरवशाचं काहीतरी बघते, दोन्ही जुळलं नाही तर प्रश्न बाद, कितीही छान असला तरी. आणि तो हेलियमचा प्रश्न मी टाकून दिला नाही बरं का, आता उलटा विचारते, लॉकयर विजयदुर्गला कोणत्या शतकाच्या शेवटी काय बघायला आला होता?

कलेचा राऊंड चित्रांचा ठेवा. प्रोजेक्टर संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही, त्यापेक्षा रंगीत प्रिंट काढून प्रत्येक टेबलावर एक द्या. त्यात हे एक चित्र असू दे, हातात दिवा धरलेली बाई, दुसऱ्या हाताने ज्योत झाकलेली, बोटांच्या कडा उजेडाने लाल झालेल्या. निम्मी मंडळी छातीठोकपणे राजा रविवर्मा लिहितात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, आणि मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आपल्या माणसाचं इतकं सुंदर काम दुसऱ्याच्या नावावर खपतं याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे चित्र मी दर दोन वर्षांनी परत लावतेच.

सगळे प्रश्न झाले की घरात कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. कागदावर बरा दिसणारा प्रश्न माईकवर दोन ओळी लांब झाला की ऐकणारा पहिली ओळ विसरतो, आणि मागे ढोलताशाची प्रॅक्टिस चालू असतेच. दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा सावकाश.

टायब्रेकरला नेहमी आकडा विचारा आणि जवळचा जिंकेल असं आधीच जाहीर करा. माझा ठरलेला आहे, कळसूबाईची उंची किती मीटर, 1646. गेल्या वर्षी एका टीमने 1600 लिहिलं, दुसरीने 1650, आणि त्या दुसऱ्या टीममधली सहावीतली मुलगी म्हणाली की आम्ही मे महिन्यात चढलो होतो, वर पाटी होती, पन्नाससारखं काहीतरी आठवतंय.