पहिल्यांदा गेम मास्टर होताना: टाक्यामागचं दार

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गोदावरीला मोठा पूर आला होता, नाशिकचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. इंदिरानगरला आमच्या घरी मामेभाऊ, त्याचे दोन मित्र आणि माझी धाकटी बहीण असे चौघं दिवसभर अडकून पडले होते. त्यांना घेऊन मी पहिल्यांदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव चालवला. यात खेळणारे गोष्टीतली पात्रं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात, ते जमलं का हे फासे ठरवतात, आणि गोष्ट मांडून डाव चालवतो तो गेम मास्टर. त्यानंतर बरेच डाव झाले. पण कोणी “ताई, सुरुवात कशी करू?” असं विचारलं की मी त्या दुपारचंच सांगते.

आधी जागा ठरवा, आणि ती पायाखालची असू द्या. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला, म्हणून आपल्या डावातही बर्फ आणि युरोपातले किल्ले हवेतच असं नाही. मी पांडवलेणी घेतली. पायऱ्या चढताना लागणारा दम, उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांपुढे येणारा अंधार, दगडात कोरलेली पाण्याची टाकी हे सगळं मला पाठ होतं. वर्णन वाचून दाखवावं लागलं नाही, समोरच्यांनाही ते लगेच दिसलं.

गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे. माझी अशी होती: पुराच्या रात्री गॉब्लिनांनी (बुटक्या, चोरट्या राक्षसांनी) नदीकाठच्या देवळाची घंटा पळवून लेण्यात नेली, ती परत आणायची. नारोशंकराची घंटा लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे हे सुचायला वेळ लागला नाही.

आता जे चुकलं ते. घंटेकडे जायची एकच वाट होती, टाक्यामागचं छुपं दार. ते सापडायला वीस बाजूंच्या फाशावर, कौशल्याचे गुण धरून, १५ हवेत असं मी लिहून ठेवलं होतं. चौघांनी फासे टाकले. चौघांचेही कमी पडले. मी गणिताच्या शिकवण्या घेते, तरी हा हिशोब आधी केला नव्हता. प्रत्येकाला कौशल्याचे अधिक २ मिळत असतील तर फाशावर १३ किंवा जास्त यावे लागतात, म्हणजे एकाची शक्यता ४० टक्के. चौघंही चुकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. दर आठ डावांतला एक डाव त्या दारापाशी अडकणारच होता. आमचा पहिलाच अडकला.

मग मामेभाऊ म्हणाला, “ताई, मी टाक्यात उतरतो. पाणी आत कुठून तरी येत असेलच ना?”

मी कागद पाहिला. कागदावर तसं काही नव्हतं. मी म्हणाले, “नाही, तिथे काही नाही.”

तो गप्प झाला. थोड्या वेळाने बहिणीने पेन्सिल खाली ठेवली. शेवटी दार कुठे आहे ते मीच सांगितलं, आणि पुढच्या खेळात मघासारखा जीव राहिला नाही. त्याचं उत्तर माझ्या दारापेक्षा चांगलं होतं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून गोष्ट पुढे सरकायला जे लागतंच, ते एकाच फाशावर टांगून ठेवू नका. फासा वेळ किंवा किंमत ठरवू दे: दार सापडतं, पण उशिरा सापडतं, किंवा आवाज होऊन पहारेकरी जागा होतो. तीन वाटा लिहून ठेवा आणि चौथी खेळणाऱ्यांसाठी मोकळी सोडा. कोणी पटण्याजोगं काही सुचवलं, तर ती वाट तिथे होतीच असं धरून चाला.

लढाईचं थोडक्यात. या खेळाच्या २०१४ च्या नियमांतल्या गॉब्लिनाचा एक वार सरासरी साडेपाच इजा करतो. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे बहुतेक वेळा सहा ते आठच प्राण (इजा सोसण्याचे गुण) असतात, दोन बाणांत तो आडवा. चौघांसमोर सुरुवातीला दोन-तीन गॉब्लिन पुरेत. त्यांना काय हवंय तेवढं मात्र ठरवून ठेवा. माझ्या गॉब्लिनांना घंटेच्या आवाजाची भीती वाटायची, म्हणून त्यांनी ती लपवली होती. हे कळल्यावर बहीण त्यांच्याशी बोलायलाच बसली, तलवार निघालीच नाही. त्या दुपारचा सगळ्यात चांगला अर्धा तास तो.

नियमांची जाड पुस्तकं लगेच विकत घेऊ नका, मूळ नियम मोफत मिळतात. तीन तासांत संपेल एवढंच मांडा, आणि मध्ये चहा-चिवड्याला थांबा. खेळणारे पुढचे बेत तेव्हाच आपसात बोलतात. ते कान देऊन ऐका.

पुढच्या पावसाळ्यात मी तोच डाव दुसऱ्या मुलांना खेळवला. या वेळी टाक्याच्या तळाशी, वाकून जाता येईल एवढी वाट ठेवली होती. मामेभाऊ शेजारी बसून बघत होता. एका मुलीने “मी पाण्यात हात घालून बघते” म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.