ट्यूनर ‘गेला’ म्हणण्याआधी

इंदूरमधली नवी हॅम (हौशी रेडिओवाली) मुलं पोर्टेबल सेट घेऊन घरी आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “काका, ट्यूनर गेला.” ट्यूनर म्हणजे अँटेना सेटला जुळवून देणारा भाग. बटण दाबलं की आत रिले (विजेवर चालणारे स्विच) टकटकतात, मग गप्प बसतात, आणि पडद्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, तीनच्या वरच (१:१ म्हणजे उत्तम). अशा सेटांतले बहुतेक ट्यूनर ठणठणीत निघतात. दोष असतो केबलमध्ये, तारेच्या लांबीत, नाहीतर बॅटरीच्या वायरमध्ये. तो शोधायची रीत एकदा अंगवळणी पडली की सेट उघडायची वेळ फारशी येत नाही, आणि आली तरी नेमका कोणता भाग बघायचा हे आधीच ठाऊक असतं. ती रीत इथे लिहितोय.

माझी नोकरी पीथमपूरला, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. तिथे ‘व्हॉल्व्ह ऐकत नाही’ अशी तक्रार आली की जुने लोक व्हॉल्व्हला हातच लावत नाहीत. त्याला हुकूम देणारं मोजमाप खरं आहे का, ते आधी पाहतात. ट्यूनरलाही हाच नियम तंतोतंत लागू पडतो.

पण त्याआधी, आपल्या सेटमध्ये ट्यूनर मुळात आहे का ते बघून घ्या. हसू नका, हा घोळ होतो. आयकॉमच्या आयसी-७०५ मध्ये ट्यूनर नसतो, एएच-७०५ वेगळा घ्यावा लागतो. यासूच्या एफटी-८१८ मध्येही नाही. शिएगूच्या जी-९० मध्ये तो आतच असतो. एलक्राफ्टच्या केएक्स-२ आणि केएक्स-३ मध्ये तो वेगळी पाटी (सर्किट बोर्ड) घेऊन बसवतात, त्यामुळे जुना सेट घेताना ती पाटी आहे की नाही हे विचारायलाच हवं.

आता आत काय असतं ते. ट्यूनरचे दोन भाग असतात, एक मोजणारा आणि एक जुळवणारा. मोजणाऱ्या भागात एक कपलर असतो. अँटेनाकडे जाणारी आणि परत येणारी शक्ती तो वेगवेगळी काढतो, दोन छोटे डायोड तिचं डीसी व्होल्टेजमध्ये रूपांतर करतात आणि मायक्रोकंट्रोलर ते वाचतो. जुळवणाऱ्या भागात कॉइल, कपॅसिटर आणि त्यांना आत-बाहेर करणारे रिले. कॉइल आणि कपॅसिटरची मापं वाण्याच्या तराजूतल्या वजनांसारखी जवळपास दुपटीने वाढत जातात, म्हणून पुढे त्यांना वजनंच म्हणतो. एटीयू-१०० हे किट आपल्याकडे बऱ्याच जणांनी जोडलेलं आहे. त्यात ०.०५, ०.१, ०.२२, ०.४५, १.०, २.२ आणि ४.५ मायक्रोहेन्रीच्या सात कॉइल आहेत आणि १० पासून १००० पिकोफॅरडपर्यंतचे सात कपॅसिटर. कपॅसिटर सेटच्या बाजूला लावायचा की अँटेनाच्या, हे ठरवायला आणखी एक रिले. म्हणजे सात कॉइलच्या १२८ गुणिले सात कपॅसिटरच्या १२८ गुणिले २, एकूण ३२,७६८ जुळण्या. कंट्रोलर त्यांतून शहाणपणाने वाट काढतो, प्रत्येक जुळणी करून बघत बसत नाही.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: रिले खरंच हलला का, हे कंट्रोलरला कळत नाही. तो हुकूम सोडतो आणि मीटरकडे बघतो, बस. त्यामुळे मीटर खोटं बोललं तर चांगले रिले वेड्यासारखे फिरत राहतात. उलट एखादा रिले मेला, तर पडद्यावर जी कॉइल ‘लागली’ म्हणून दिसते ती प्रत्यक्षात लागलेलीच नसते.

तर या दोघांपैकी खोटं कोण, हे ठरवायचं साधन जेल रोडला चहाच्या पैशात मिळतं. १५० ओहमचे, तीन वॅटचे तीन रेझिस्टर घ्या. मेटल ऑक्साइडचेच मागा. दुकानदार ‘सफेद सिमेंटवाला’ पुढे करेल, वॅट जास्त आहे म्हणून सांगेल. तो नको. त्याच्या आत तार गुंडाळलेली असते, आणि एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झला) तो रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त होऊन बसतो. तिन्ही रेझिस्टर बीएनसी सॉकेटवर आखूड पायांनी, एकेक काढता येईल असे लावा. तिन्ही समांतर लावले की ५० ओहम, एसडब्ल्यूआर १:१. दोन ठेवले की ७५ ओहम, १.५:१. एकच ठेवला की १५० ओहम, ३:१. उत्तर आधीच माहीत असलेले तीन प्रश्न हातात आले. विकतच्या ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) हे होत नाही, तो एकच प्रश्न विचारतो.

आता ट्यूनर बायपासवर टाका, म्हणजे जुळवणारा भाग वगळून शक्ती सरळ बाहेर जाईल. मोड सीडब्ल्यू (मॉर्सचा) किंवा एएम, शक्ती सेटमध्ये असेल तितकी कमी, पाच वॅटच्या वर नाहीच. एसएसबी या बोलण्याच्या मोडवर ‘हॅलो हॅलो’ करत ट्यून करू नका. बोलण्यातली शक्ती क्षणाक्षणाला बदलते आणि मीटरला सलग कॅरिअर (एकसारखी रेडिओ लहर) मिळत नाही. अँटेना सॉकेटला तिन्ही लोड एकेक करून लावून आकडे वहीत लिहा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद पुरे, रेझिस्टर तापतात.

आकडे १, १.५ आणि ३ च्या आसपास आले तर मोजणारा भाग शाबूत. मग लोड काढून सॉकेट उघडं ठेवा आणि अगदी कमी शक्तीवर क्षणभर कॅरिअर सोडा. एसडब्ल्यूआर आभाळाला भिडायला हवा. उघड्या सॉकेटवरही मीटर १:१ दाखवत असेल तर आनंद मानू नका, परतीच्या बाजूचा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा सेटचा मालक महिनाभर ‘काय झकास अँटेना आहे’ म्हणून सांगत फिरतो आणि त्याला उत्तर कुणाचंच येत नाही. पुढच्या बाजूचा डायोड गेला तर उलटं होतं. सेट शक्ती बाहेर टाकत असतो आणि ट्यूनरला ती दिसतच नाही. माळव्यात पावसाळ्याआधी वावटळी सुटतात, धुळीचा कोरडा वारा वाहतो, लांब तारेवर स्थिर विद्युत साचते आणि हे नाजूक डायोड पहिले बळी जातात. मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही डायोड एकमेकांशी ताडून बघा. निरोगी जोडी जवळजवळ सारखी दिसते. आणि वापरात नसताना तार सेटपासून सुटी ठेवा. त्याला काहीच खर्च नाही.

पन्नास ओहमवरच आकडा बिघडलेला आणि सॉकेट-प्लग चोख असेल, तर शंका रिलेवर घ्या. बायपासमध्ये सगळी वजनं बाहेर असायला हवीत, एखादा रिले आतच चिकटला असेल तर १:१ येणार नाही. लॅचिंग रिले वापरणारे ट्यूनर वीज गेल्यावरही शेवटच्या जागी तसेच राहतात. त्यामुळे ‘बंद केला म्हणजे बायपास झाला’ असं धरून चालता येत नाही.

एका डिप्लोमाच्या मुलाचं एटीयू-१०० आलं होतं. तक्रार अशी: २१ मेगाहर्ट्झला छान जुळतो, ७ ला अडतो. तारेला दोष देऊन तो तीन प्रकारच्या तारा कापून बसला होता. तार बाजूला ठेवली आणि एकच १५० ओहमचा रेझिस्टर लावला. २१ वर लगेच १:१. ७.१ वर १.६ च्या खाली उतरेना.

इथे कागद-पेन्सिल घेतली. १५० ओहमला ५० वर आणायला अँटेनाच्या बाजूला कपॅसिटर आणि मध्ये कॉइल लागते. कॉइलचा विरोध साधारण ७१ ओहम हवा, कपॅसिटरचा १०६. ७.१ मेगाहर्ट्झला ७१ ओहम म्हणजे सुमारे १.६ मायक्रोहेन्री, म्हणजेच १.० अधिक ०.४५ अधिक ०.१. २१.२ ला तेच ७१ ओहम जेमतेम ०.५३ मायक्रोहेन्रीत मिळतात, तिथे १.० च्या कॉइलची गरजच नाही. पडद्यावर मात्र ७ ला २.२ ची कॉइल दिसत होती. म्हणजे १.० लावून काही फरक पडत नाही हे पाहून कंट्रोलर पुढच्या वजनाकडे वळला होता. सेट न उघडता दोषी सापडला. उघडल्यावर त्या रिलेच्या कॉइलचा रोध शेजारच्या रिलेशी ताडला, तो सारखाच होता. रिले ठीक, त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा टाका सुटला होता. सोल्डरिंग आयर्नचं काम अर्ध्या मिनिटाचं.

यावरून एक ढोबळ खूण मिळते. फक्त खालचे बँड अडत असतील तर मोठ्या वजनांकडे बघा, फक्त २१ आणि २८ ला नेमकं जुळत नसेल तर लहान वजनांकडे. ४.५ मायक्रोहेन्रीची कॉइल २८ ला जवळपास ८०० ओहमची होते, तिथे तिचा सहसा उपयोग नसतो. मात्र ती आतच चिकटून राहिली तर वरचे बँड आधी कोसळतात.

बॅटरीचा बिघाड सगळ्यात फसवा. घरी सप्लायवर सगळं चालतं आणि टेकडीवर गेलं की रिले अर्धवट टकटकतात. वीस वॅटचा सेट ट्रान्समिट करताना काही अँपिअर ओढतो. वायर, फ्यूज आणि कनेक्टर मिळून अर्धा ओहम रोध असला तरी तीन अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच संपतात. तीन सेलचा लिथियम-आयन पॅक भरलेला असताना १२.६ व्होल्ट देतो आणि वापरात ११ च्या आसपास येतो. त्यातून दीड गेले की बारा व्होल्टचे रिले ओढले जाण्याच्या सीमेवर येतात. व्होल्टेज नेहमी सेटच्या सॉकेटपाशी, कॅरिअर चालू असताना मोजा. बॅटरीच्या टोकांवर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

इथपर्यंत सगळं खरं निघालं तर ट्यूनर निर्दोष. आता बाहेर बघा. महूच्या पुढे जानापावला चढून मुलं लांब तार टाकतात, जागा उंच आणि मोकळी, गोंगाट कमी. पण खाली काळा पाषाण. त्यात खिळा ठोकून ‘अर्थिंग’ केलं म्हणणं म्हणजे मनाचं समाधान. जमिनीवर पाचेक मीटरची काउंटरपॉइज तार, म्हणजे अर्थिंगचं काम करणारी तार, पसरा, ती जास्त कामाची. मुख्य तार ७ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या तरंगाइतकी, म्हणजे वीस मीटरच्या आसपास ठेवू नका. तिच्या टोकाशी इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) काही हजार ओहम होतो आणि साधा ट्यूनर तिथे हात टेकतो. नऊला एकचा अनअन (इम्पीडन्स नवव्या हिश्श्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर) लावून १२.५ किंवा ८.८ मीटरची तार बऱ्याच बँडना सोसते, ही मापं हॅम लोकांनी वापरून रूढ केलेली आहेत.

केबलची परीक्षा तर अगदी सोपी, नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) असेल तर. दुसरं टोक उघडं ठेवून एसडब्ल्यूआर बघा. केबल चांगली असेल तर तो खूप मोठा येतो. फक्त ३:१ आला तर खूश होऊ नका, त्याचा अर्थ केबल एका दिशेने ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती खाते आहे. अशा केबलमागे वाईट अँटेनाही सुरेख दिसते. एक ताकीद: नॅनोव्हीएनए जोडलेला असताना त्याच्यावर कधीही ट्रान्समिट करायचं नाही, तो त्याच क्षणी मरतो.

बाकी दोन गोष्टी झटपट. ट्यून करताना सेट स्वतःच बंद-चालू होतो किंवा माइकचा धातू ओठाला चावतो, तेव्हा आरएफ (रेडिओची शक्ती) केबलच्या बाहेरच्या अंगाने परत येतंय. फेराइटवर केबलचे बरेच वेढे घेऊन चोक (ती शक्ती अडवणारी कॉइल) करा आणि काउंटरपॉइज तपासा. दुसरं, कमी शक्तीला जुळतं आणि वीस वॅटला काही सेकंदांत एसडब्ल्यूआर चढत जातो, तेव्हा आत कपॅसिटर तापतोय किंवा ठिणगी पडतेय. वीस वॅट ५० ओहममध्ये जेमतेम ३२ व्होल्ट आरएमएस देतात, पण ३२०० ओहममध्ये तेच अडीचशेच्या वर जातात. तिथे सी-झीरो-जी जातीचे (तापूनही माप न बदलणारे), निदान ५०० व्होल्टचे कपॅसिटर हवेत.

आता ज्यांच्याकडे अजून लायसन्स नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे ट्रान्समीटर बाळगायलाही परवाना लागतो, तो डब्ल्यूपीसी या केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाकडून. त्यासाठी एएसओसी या प्रमाणपत्राची परीक्षा, किमान वय १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मॉर्स लागत नाही, जनरलला लागतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मिळतो, जनरलवाल्यांना व्हीयू२. पण ट्यूनरचं किट स्वतः काही प्रसारित करत नाही, त्यावरचा अभ्यास आजच सुरू करता येतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘इम्पीडन्स मॅचिंग म्हणजे काय’ याचं पाठ केलेलं उत्तर देणारे पुष्कळ असतात. हा पुढचा प्रयोग केलेला मुलगा दुसऱ्याच वाक्याला वेगळा ओळखू येतो.

किटच्या अँटेना सॉकेटला १५० ओहमचा रेझिस्टर लावा, सेटच्या सॉकेटला नॅनोव्हीएनए. सप्लाय चालू करून, ट्यून न करता, हव्या त्या रिलेच्या कॉइलचं ड्रायव्हरकडचं टोक तारेने ग्राउंडला टेकवा. म्हणजे कंट्रोलरचं काम तुम्ही हाताने करताय. नॅनोव्हीएनएच्या पडद्यावर स्मिथ चार्ट, म्हणजे इम्पीडन्सचा गोल नकाशा, दिसतो, त्याचा मध्य म्हणजे ५० ओहम. ७.१ मेगाहर्ट्झवर त्यातला ठिपका आधी मध्यापासून उजवीकडे असेल. कपॅसिटर अँटेनाच्या बाजूला ठेवून २२० पिकोफॅरड लावा, ठिपका खाली वळतो. मग १.० ची कॉइल, मग ०.४५, मग ०.१. प्रत्येक टेकवणीला तो वर सरकतो आणि शेवटच्या वेळी मध्याला येऊन बसतो. तिथून एक कॉइल काढून बघा, दोन काढून बघा, आणि कोणती काढल्यावर ठिपका कुठे गेला ते वहीत काढून ठेवा. खराब रिलेचा सेट पुढे समोर आला की तो ठिपका नेमका त्याच जागी दिसतो.