कॉलेज बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या एखाद्या थोर खेळाडूवर लिहायला बसले, की नजर आधी कारकिर्दीतील एकूण गुणांवर जाते. तो मोह आवरून सुरुवातीला दोनच गोष्टी टिपून घ्याव्यात: खेळाडू किती सामने खेळला आणि ते सामने कोणत्या वर्षांत झाले. एकूण गुणांना खरा अर्थ या दोन नोंदींमुळेच येतो.

याचे उत्तम उदाहरण पीट मॅराविचचे आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून 1967 ते 1970 या तीन हंगामांत त्याने 83 सामन्यांत 3667 गुण केले, म्हणजे सामन्यामागे सरासरी 44.2. डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस 2023 मध्ये या विक्रमापासून अवघे तीन गुण दूर राहिला; पण त्याचे 3664 गुण पाच हंगामांतील 144 सामन्यांत मिळून झाले होते. 2020-21 च्या हंगामातील खेळाडूंना करोनाच्या साथीमुळे एक जादा वर्ष मिळाले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. उलट मॅराविचच्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळताच येत नसे. ती मुभा 1972-73 पासून मिळाली. डेव्हिसचे कर्तृत्व यामुळे उणे ठरत नाही, मात्र दोघांना एकाच यादीत वरखाली ठेवून निकाल देणे अन्यायाचे होते.

त्यानंतर नियम तपासावेत. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत फटका मारायला लावणारे घड्याळ) सर्वत्र लागू झाले ते 1985-86 मध्ये आणि तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) त्याच्या पुढच्या हंगामात. आयोवाच्या केटलिन क्लार्कने 2020 ते 2024 या काळात 139 सामन्यांत 3951 गुण केले, आणि त्यात तीन गुणांचे 548 बास्केट आहेत. हे सारे दोन गुणांचे धरले, तर बेरीज 3403 वर येते. मात्र अशी वजाबाकी केवळ नियमाचे वजन समजून घेण्यापुरतीच करावी, कारण रेषा नसती तर तिने एवढ्या लांबून एवढे फटके मारलेच नसते, आणि रेषा असती तर मॅराविचने कोठून किती मारले असते, हेही कोणी सांगू शकत नाही. महिलांच्या नोंदींबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. अमेरिकेतील कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने महिलांची स्पर्धा 1981-82 पासून सुरू केली. त्यामुळे कॅन्ससच्या लिनेट वुडार्डचे 1977 ते 1981 मधील 3649 गुण एनसीएएच्या विक्रमांत कित्येक वर्षे दिसत नव्हते. ज्या यादीवर आपण विसंबतो ती कोणत्या संस्थेची आहे, हे पाहिल्याशिवाय ‘सर्वाधिक’ हा शब्द लिहू नये.

यानंतर अचूकतेकडे वळावे. साधी टक्केवारी दोन आणि तीन गुणांच्या बास्केटला सारखेच मोजते, म्हणून यशस्वी फटक्यांच्या संख्येत तीन गुणांच्या यशस्वी फटक्यांचा निम्मा आकडा मिळवावा आणि बेरजेला एकूण फटक्यांनी भागावे. वीस फटक्यांपैकी आठ यशस्वी झाले आणि त्यांतील चार तीन गुणांचे असतील, तर साधी टक्केवारी 40 येते, पण या रीतीने ती 50 होते. फटक्यांची संख्याही शेजारीच नोंदवावी. मॅराविचने 3166 फटके मारले, म्हणजे सामन्याला सुमारे 38, आणि त्यांतील जवळपास 44 टक्के यशस्वी झाले. एवढा भार एकाच खेळाडूवर का होता, हा प्रश्न आपल्याला संघाकडे नेतो: प्रशिक्षक त्याचे वडीलच होते, आणि त्याच्या तीन वर्षांत संघाला एकदाही एनसीएए स्पर्धेत स्थान मिळाले नाही.

मोठ्या स्पर्धेतील कामगिरी म्हणूनच वेगळी लिहावी. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या स्टीफन करीने 2008 च्या स्पर्धेत गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांच्याविरुद्ध अनुक्रमे 40, 30 आणि 33 गुण केले, आणि पुढे विजेत्या ठरलेल्या कॅन्ससकडून त्याचा संघ केवळ दोन गुणांनी हरला. तीन वर्षांनी कॉलेज सोडल्याने त्याची एकूण बेरीज थांबली. तिच्यावरून या चार सामन्यांची कल्पना मुळीच येत नाही. रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू मिळवणे), असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करू देणारा पास) आणि टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गमावणे) हे आकडे खेळाडूच्या मैदानावरील जागेनुसार वाचावेत, एवढे पुरे.

व्यावसायिक कारकिर्दीचा प्रकाश मात्र मागच्या कॉलेजच्या वर्षांवर पाडू नये. ड्यूकचा क्रिश्चन लेटनर चारही वर्षे एनसीएए स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचला आणि 1991 व 1992 मध्ये विजेता ठरला. 1992 मध्ये केंटकीविरुद्ध त्याचे दहापैकी दहा फटके आणि दहापैकी दहा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) यशस्वी झाले, आणि अखेरच्या क्षणी त्याच्याच फटक्याने ड्यूकने सामना 104-103 असा जिंकला. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये तो पुढे एकदाच ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला. ही नोंद त्याच्या एनबीए कारकिर्दीच्या परिच्छेदात लिहावी. ड्यूकमधील चार वर्षांचे मोल ठरवताना तिचा आधार घेऊ नये.