रात्री पाय स्वस्थ बसू देत नाहीत? चिनी वैद्यकाच्या वाटेने काय करता येईल

दिवसभर पाय ठीक असतात. रात्री दिवा मालवून पडलं, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. पोटरीत गोळा येणं वेगळं. तिथे स्नायू दगडासारखा घट्ट होऊन दुखतो, इथे तसं होत नाही. माझ्या आईने अशा कितीतरी रात्री स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारत काढल्या आणि आम्ही "दमली असशील" एवढंच म्हणत राहिलो. म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

चीनमधल्या मिंग काळातले वैद्य श्वे ची (१४८७–१५५९) यांनी असाच एक रुग्ण नोंदवून ठेवला आहे. रात्री झोप नाही, आधी पावलांत आणि मग पायभर आंबल्यासारखी उष्णता, आतल्या शिरा ओढल्यासारख्या, दोन्ही पाय सारखे इकडून तिकडे. अगदी थकून गेल्यावर कुठे डोळा लागतो.

चिनी वैद्यक याचं मूळ बहुतेकदा रक्तात शोधतं. त्यांच्या मते यकृत रक्त साठवतं आणि त्या रक्तावर कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, पोसल्या जातात. रक्त उणं पडलं की कंडरा कोरड्या पडतात आणि शरीरात 'वारा' उठतो. पायांची चुळबूळ ती हीच. म्हणून वैद्य आधी जीभ आणि नखं बघतो. फिकट जीभ, ठिसूळ नखं, कोरडे डोळे असतील तर रक्त कमी. जिभेवर चिकट थर आणि पाय जड असतील तर ओलावा साचलेला. जीभ जांभळट असेल तर रक्त अडलेलं. त्यामुळे एकाला लागू पडलेला काढा दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आता करायचं काय? सगळ्यात आधी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, रक्ततपासणी. चिनी वैद्यकातलं 'रक्त' आणि प्रयोगशाळेतलं रक्त एकच नव्हे, हे मान्य. पण या त्रासामागे शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे आधुनिक वैद्यकालाही ठाऊक असलेलं मोठं कारण आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर या त्रासात डॉक्टर लोहाचा विचार करतात. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. मूत्रपिंडाचा आजार आणि गरोदरपण यांतही पाय असे छळतात. सर्दीच्या काही गोळ्या आणि उलटीवरची काही औषधं त्यात भर घालतात, तेही डॉक्टरांना विचारा. जेवणावर लगेच चहा नको. त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

दुसरं, संध्याकाळी पाय शेकणं. चिनी घरांत झोपण्याआधी पाय गरम पाण्यात सोडून बसायची जुनी सवय आहे. घोट्याच्या वर येईल इतकं कोमट-गरम पाणी, ठेचलेल्या आल्याचा तुकडा आणि पंधरा मिनिटं. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघायला सांगा. मधुमेहात पायांना चटका कळेनासा होऊ शकतो.

मग दाबबिंदू. त्सूसानली हा बिंदू शोधायला गुडघा वाकवून बसा. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तिथून स्वतःची चार बोटं आडवी ठेवून खाली या आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर सरका. बरोबर जागी अंगठा टेकला की आत बोथट ठणका जाणवतो. सानयिनच्याओ आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, हाडाच्या मागच्या कडेला. गरोदर बाईने हा बिंदू दाबू नये. छंगशान पोटरीच्या मागे, टाच उचलल्यावर स्नायू दुभंगून खळगा पडतो तिथे. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, हळूहळू जोर वाढवत दाबा. पायाला सूज असेल किंवा एकच पोटरी लाल, गरम, दुखरी असेल तर चोळूदाबू नका, लगेच डॉक्टर गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

काढ्यांबाबत मी सावधच राहीन. पायांच्या आखडण्यावर प्राचीन चिनी वैद्य चांग चोंगचिंग यांचा दोनच वनस्पतींचा काढा सुमारे १८०० वर्षं चालत आला आहे: शाओयाओचं (पिओनी या फुलझाडाचं) मूळ आणि ज्येष्ठमध. पण ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायला दिलेल्या चिनी वनस्पतींत चुकीचं मूळ मिसळलं गेलं आणि अनेकींची मूत्रपिंडं निकामी झाली. ऑनलाइन मिळणाऱ्या निनावी पुड्या घेऊ नका. सुयांचे उपचार (ॲक्युपंक्चर) घ्यायचे असतील तर सुई दरवेळी नवी आणि सीलबंद हवी. २००८ साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यात या त्रासावर सुयांचा पुरावा अपुरा ठरला होता, हेही लक्षात असू द्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यासाठी अचानक बंद करू नका.

आणि रात्री जाग आलीच, तर पडल्या पडल्या पायांशी झगडत बसू नका. पलंगाच्या कडेला बसा, पावलं जमिनीवर टेका आणि अंगठ्याने त्सूसानली दाबा, आधी उजवा, मग डावा.